मेअखेरीस पॅरिस, इंटरलाकेन आणि रोम: सासूबाईंच्या साडीसह बॅग कशी भरावी?

कस्तुरी:
नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी, यजमान, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे पॅरिस, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन आणि रोम असा प्रवास करणार आहोत. नाशिकच्या उन्हातून निघून बर्फावर आणि तिथून पुन्हा रोमच्या उन्हात जायचे असल्याने बॅगेत काय भरावे याचा मेळ बसत नाही. खरी काळजी सासूबाईंची आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर त्या पाचवारी साडीच नेसत आल्या आहेत आणि पंजाबी ड्रेसचा विषय काढला की गप्प होतात. इंटरलाकेनहून आल्प्सच्या बर्फात वर असलेल्या युंगफ्राऊयोखला जाण्याची हौस मात्र सर्वांत जास्त त्यांनाच आहे. त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये आणि थंडीही बाधू नये, असा मार्ग कोणी सुचवू शकेल का? शिवाय विमानात प्रत्येकी एकच मोठी बॅग नेता येणार आहे आणि ती जाड स्वेटरांनीच भरून जाईल असे वाटते.

वाटसरू:
कस्तुरीताई, मी बरीच वर्षे झुरिकला राहतो आणि भारतातून येणारे पाहुणे गरजेपेक्षा दुप्पट लोकरीचे कपडे घेऊन येतात, हे नेहमी पाहतो. तुमच्या प्रवासात कडाक्याची थंडी फक्त एका दिवसापुरती आहे. इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि युंगफ्राऊयोखचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे खाली सोळा-सतरा अंशांची सुखद हवा असली, तरी वर पारा शून्याच्या खाली असू शकतो आणि वाऱ्यामुळे गारठा आणखी जाणवतो. या एका दिवसासाठी जाडजूड कोट न्यायचा, की थर चढवत-उतरवत जाता येईल असे कपडे न्यायचे, हा खरा प्रश्न आहे. माझे मत निःसंशय दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

अंगाला लागून थर्मल (थंडीसाठीचे उबदार आतले कपडे), त्यावर फ्लीसचे, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचे, हलके जाकीट आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे पातळ जाकीट, एवढे पुरेसे होते. ऊब मुख्यतः थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते, म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर अधिक उपयोगी पडतात. हेच फ्लीस पॅरिसच्या संध्याकाळी अंगावर येईल आणि पातळ जाकीट पावसात कामी येईल, कारण मेअखेरीस पॅरिसमध्ये दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असले, तरी रात्री ते दहा-बारापर्यंत खाली येते. थर्मलच्या जागी सुती बनियन मात्र नको. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते आणि थंडीत ओले कापड अंगावर असणे फार त्रासदायक असते. कानटोपी, हातमोजे आणि गॉगल विसरू नका. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना सहन होत नाही.

मृद्गंध:
साडीविषयी मी सांगते, कारण माझ्या आईला मी साडीतच तिथे नेले होते. सासूबाईंना ड्रेसचा आग्रह करू नका. साडी नेसून तो दिवस व्यवस्थित पार पडतो. परकराच्या आत थर्मलची लेगिंग आणि त्यावर पोटऱ्यांपर्यंत येणारे लोकरीचे मोजे घालावेत. साडी घोट्याच्या वर, नेहमीपेक्षा चार बोटे उंच नेसावी, म्हणजे काठ बर्फात भिजत नाही आणि निऱ्या पायात येत नाहीत. पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचावा आणि वरून मांडीपर्यंत येणारे लांब जाकीट घालून चेन पूर्ण लावावी. शाल वाऱ्याने सारखी घसरते आणि ती सावरण्यात एक हात अडकतो. म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे असले पाहिजेत. साडी शक्यतो मऊ रेशमी घ्या. कोरड्या थंड हवेत सिंथेटिक साडी पायांना चिकटते.

बूट घोटा झाकणारे आणि चांगली पकड असलेले घ्या आणि निघण्यापूर्वी निदान तीन आठवडे त्यांना रोज घालून चालायला सांगा. नवे बूट चावले, तर साऱ्या प्रवासाचा विरस होतो. साडी, बूट आणि जाकीट असा पूर्ण पेहराव करून घरचा जिना एकदा चढून-उतरून पाहावा. वर बरीचशी जागा बंदिस्त आहे आणि काचेआडूनही हिमनदी दिसते, त्यामुळे त्यांना झेपेल तेवढाच वेळ बाहेर काढता येईल. तिथल्या हिमनदीत कोरलेल्या बर्फाच्या महालात मात्र पायाखाली बर्फच असतो. तिथे त्यांचा हात धरा.

कस्तुरी:
दोघांचेही मनापासून आभार. मृद्गंध, हे वाचून दाखवल्यावर सासूबाईंची कळी खुलली. एकच अडचण उरते. त्यांचे सगळे ब्लाउज अंगाबरोबर बेतलेले आणि अर्ध्या बाह्यांचे आहेत. त्यांच्या आत थर्मल कसे बसेल?

मृद्गंध:
नवे शिवायची गरज नाही. बहुतेक ब्लाउजना आत माया ठेवलेली असते. शिंप्याकडून दोन ब्लाउजच्या बाजूच्या शिवणी आणि बाह्या उसवून सैल करून घ्या. आतून लांब बाह्यांचे, शक्यतो ब्लाउजच्याच रंगाचे थर्मल घातले, की ते विसंगत दिसत नाही. त्याच वेळी परकराला आतून चेनचा खिसा शिवून घ्या. पॅरिसच्या मेट्रोत खिसेकापूंचा उपद्रव आहे आणि पासपोर्ट कनवटीला असला म्हणजे त्यांनाही निर्धास्त वाटेल.

प्रवासी_सांगली:
रोमविषयी थोडे लिहितो. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर दारातून परत पाठवतात आणि हा नियम पुरुषांनाही लागू आहे. सासूबाईंची अडचण नाही. तुमच्या मुलाला मात्र त्या दिवशी हाफ पॅंट घालू देऊ नका. उन्हाळी कपडे चार-पाच जोड पुरतात, कारण पातळ कपडे रात्री धुऊन वाळत घातले, की बहुधा सकाळपर्यंत वाळतात. विमानात सर्वांत जड बूट आणि जाकीट अंगावरच ठेवा, म्हणजे बॅगेतले वजन वाचते.