मदत हवी आहे: जेनेट रँकिनची मधली वीस वर्षं

मंडळी, पुढच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात जेनेट रँकिनवर बोलायचंय. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली ही पहिली बाई, मोंटानाची. जिथे बघावं तिथे तिची दोनच मतं सापडतात: 1917 मध्ये युद्धाला 'नाही' म्हणणाऱ्या 50 जणांत ती होती, आणि 1941 मध्ये पुन्हा युद्धाच्याच ठरावावर 388 विरुद्ध 1, त्यातली ती एक. मधला काळ सगळे दोन ओळींत उरकतात. मला नेमका तोच हवाय.

एवढं जमवलंय: 1919 मध्ये अमेरिकन समाजसेविका जेन ॲडम्सबरोबर झुरिकची शांतता परिषद, मग माता-बालकांच्या आरोग्याच्या 1921 च्या कायद्यासाठी खटपट, पुढे जॉर्जियात शेतजमीन आणि वीज नाही, नळ नाही असं घर. 1929 पासून दहा वर्षं युद्धविरोधी संघटनेसाठी वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरे झिजवले. (स्वतः माजी खासदार, हं!)

अडलंय ते 'लॉबिइंग'पाशी, म्हणजे कायदा व्हावा किंवा होऊ नये म्हणून खासदारांना भेटून त्यांचं मन वळवणं. 'वशिला' म्हटलं तर बाई बदनाम होते, 'पाठपुरावा' फारच सरकारी. काय म्हणू? आणि जॉर्जियातल्या तिच्या कामाबद्दल कुणी सविस्तर वाचलंय का? अमेरिकेतल्यांनी जरूर सांगा. भारतभेटी नकोत, त्या बऱ्याच नंतरच्या.