गावी नेट घ्यायचंय, स्टारलिंकसाठी (उपग्रहावरून मिळणारं नेट) थांबू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकला इंदिरानगरला असतो, आईवडील पेठ तालुक्यात गावी. डोंगराळ भाग, अण्णांना साधा फोन लावायचा तर गच्चीवर जावं लागतं, आणि एका वायरलेस नेटवाल्याला सहा महिन्यांचे पैसे आधीच भरून ठेवलेत तर जरा पाऊस आला की नेट गायब. खूप वैताग आलाय.

मार्च २०२५ मध्ये एअरटेलने ११ तारखेला आणि जिओने लगेच १२ ला स्टारलिंक चालवणाऱ्या स्पेसएक्स कंपनीशी करार जाहीर केला तेव्हा आमच्यासारख्यांची सोय होणार म्हणून मला खरंच आनंद झाला होता. पण हेच दोघं त्याच्या काही महिने आधी सॅटेलाइट नेटवाल्यांनाही मोबाइल कंपन्यांसारखेच नियम लावा म्हणून भांडत होते ना, मग आता तेच विकणार तर भाव कमी कोण करणार? ग्राहक म्हणून मला हे पटत नाही.

स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, जुन्या सॅटेलाइट नेटचे ३६,००० वर, त्यामुळे सिग्नल लवकर पोचतो आणि व्हिडिओ कॉल अडकत नाही हे कळलं. पण डिशला मोकळं आकाश लागतं, आमच्याकडे एका बाजूला डोंगर आणि वर आंब्याचं मोठं झाड, ते तोडायचं नाहीये.

तर थांबू की आत्ताच छतावर उंच अँटेना लावून फोरजी राउटर घेऊ? हरसूल, सुरगाणा, पेठकडे कुणी असं केलंय का, भर पावसात कसं चालतं? प्लीज सांगा, जूनच्या आत करायचंय.