प्रति: डेन फलन नेहमी वर्गाच्याच पटीत वाढतं का?

दादा, वावराचं कुंपण दुप्पट केलं तर आतली जमीन फार तर चौपट होते, म्हणून प्रत्येक ग्रुपचं (बेरजेसारखी, उलटवता येणारी क्रिया असलेल्या संचाचं) डेन फलन वर्गाच्याच पटीत वाढेल, असं तुम्ही म्हणता. डेन फलन म्हणजे ग्रुपमधला ठरावीक लांबीचा, काहीच न करण्याइतका असलेला शब्द पुसून टाकायला ग्रुपचे मूळ नियम जास्तीत जास्त किती वेळा वापरावे लागतात त्याचं माप; शब्दाची लांबी म्हणजे कुंपण, नियमांची संख्या म्हणजे आतली जमीन. पूर्णांकांच्या जोड्यांच्या ग्रुपला ते चपखल बसतं. पण हायझेनबर्ग ग्रुपमध्ये (कर्णावर १, त्याच्या वर पूर्णांक आणि खाली शून्य असलेल्या ३×३ मॅट्रिक्सांचा ग्रुप) वाढ घनाची आहे (दारव्ह्याकडच्या आमच्या बीएस्सीच्या पोरांना मी हेच आधी दाखवतो), बाउमस्लाग-सोलिटर (१,२) या ग्रुपमध्ये (a आणि b हे दोन घटक, bab⁻¹ = a² हा एकच नियम) तर घातांकी. हायपरबोलिक ग्रुपमध्ये (ज्यांच्या भूमितीत त्रिकोण सडपातळ असतात) फक्त रेषीय, म्हणजे लांबीच्याच पटीत.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते गणितज्ञ ग्रोमोव्ह यांचं १९८७ चं प्रमेय: वाढ वर्गापेक्षा मंद असेल तर ती थेट रेषीयच असते. १ आणि २ यांच्या मधला एकही घात सापडत नाही! २ च्या पुढे मात्र घात दाटीवाटीनं पसरलेत. ब्रॅडी आणि ब्रिडसन या गणितज्ञांनी ते दाखवलं. ती सिद्धता जरूर वाचा.