मदत हवी आहे: सोलापूरसाठी पीएम २.५चा (हवेतील अतिसूक्ष्म कणांचा) सकाळचा अंदाज कसा सुधारावा?

आमच्याकडे पहाटे सरावाला येणाऱ्या मुलांपैकी काहींना दमा असल्याने, मैदानावर जायचे की नाही हे आदल्या सायंकाळीच ठरवावे लागते. त्यासाठी मी युरोपच्या कोपर्निकस सेवेचा पाच दिवसांचा जागतिक अंदाज पाहतो. परंतु त्याच्या नकाशातला एक चौकोन सुमारे ४० किलोमीटर बाजूचा असल्याने शहर आणि भोवतालचे शिवार एकाच आकड्यात मिसळते.

हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सरकारी स्वयंचलित केंद्राच्या तासागणिक नोंदींशी ताडून, मागील आठवड्याच्या सरासरी फरकाइतकी दुरुस्ती करून पाहिली. दिवसाची सरासरी बरीच जुळते. मात्र वारा पडलेल्या थंड रात्रीनंतर, विशेषतः आसपास उसाचे पाचट पेटवलेले असताना, सकाळी सात ते नऊमधली वाढ हुकते, आणि आम्हाला नेमकी तीच हवी आहे. घरी स्वस्त लेझर सेन्सर आहे, पण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व तो जादा आकडा दाखवतो, म्हणून केवळ त्यावर विसंबत नाही. प्रोग्रॅमिंग येत नाही, स्प्रेडशीट चालेल. नवा खर्च शक्य नाही.

तेव्हा वाऱ्याचा वेग, आर्द्रता आणि रात्रीचे किमान तापमान घेऊन प्रत्येक तासासाठी वेगळे सूत्र बसवावे, की शांत आणि वाऱ्याच्या रात्रींसाठी दोनच सूत्रे ठेवावीत, आणि त्यासाठी किमान किती हिवाळ्यांच्या नोंदी लागतील?