अपडेटनंतर वायफाय लागेना : तुमचं काय झालं, कशानं सुटलं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून, सुरुवात माझ्यापासून

गेल्या महिन्यात एका रात्री आईच्या फोनने अपडेट घेतलं आणि सकाळी वायफाय लागेना. पासवर्ड घ्यायचा, 'कनेक्ट होत आहे' म्हणायचा आणि परत 'सेव्ह केले' वर येऊन थांबायचा. ताईचा पुण्याहून रोज सव्वानऊला व्हिडिओ कॉल असतो. आई ७१ वर्षांची. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं का रे?" असं ती दिवसभर विचारत राहिली. तिचा काहीही दोष नसताना तिला असं वाटावं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुकानात नेला तर "फॉरमॅट मारूया" म्हणाले. त्यात भाचीच्या बारशाचे फोटो होते, म्हणून तसाच परत आणला. घरी येऊन दोनच गोष्टी केल्या. माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून आईचा फोन त्याला जोडला, लगेच लागला. म्हणजे फोनचं वायफाय ठीक. घरातले बाकीचे फोन राऊटरवर चालत होते, म्हणजे राऊटरही ठीक. बिघाड फक्त या दोघांच्या मधे होता.

मग आठवलं. ४ वर्षांपूर्वी केबलच्या पोराने राऊटरमध्ये मॅक फिल्टर लावून दिलं होतं, यादीतलेच फोन आत घ्यायचे म्हणून. प्रत्येक फोनच्या वायफायला एक पत्ता असतो, तो मॅक. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन हा खरा पत्ता न दाखवता प्रत्येक नेटवर्कला वेगळा, स्वतः तयार केलेला पत्ता देऊ शकतात, म्हणजे बाजारात फिरताना कुणी आपला माग काढू नये. आईच्या फोनमध्ये अपडेटनंतर तेच चालू झालं होतं. सेटिंगमध्ये पत्ता बघितला, 'डीए'ने सुरू होत होता. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने बनवलेला पत्ता समजायचा. राऊटरच्या यादीत जुना, खरा पत्ता होता. त्या एका नेटवर्कपुरतं 'फोनचा मॅक वापरा' केलं आणि वायफाय लागलं.

असे अनुभव तुमच्याकडेही असणार. लिहिताना दोन गोष्टी आवर्जून लिहा : स्क्रीनवर नेमके कोणते शब्द होते, आणि शेवटी कशानं सुटलं. 'नेट चालेना' एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही.

करवीर तालुक्यातली दूध संस्था, सचिव

आमच्याकडं वायफाय म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट. सकाळी ६ ला संकलन सुरू होतं. लॅपटॉपवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), लिटर सगळं चढतं आणि सभासदाला मेसेज जातो. अपडेट झालं त्या दिवशी लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसेना. बाकी सगळ्यांची नावं दिसतात, माझं तेवढं नाही. बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी. त्या दिवशी वहीवर लिहून घेतलं. पण मेसेज गेला नाही की बाया-माणसं विचारतात, "सचिव, आमचं फॅट किती लागलं?" आणि त्यांनी विचारायलाच पाहिजे, त्यांच्या पैशाचा प्रश्न असतो.

दुपारी मुलीनं बघितलं. अपडेटनंतर हॉटस्पॉटचा बँड, म्हणजे वायफायच्या लहरींची पट्टी, ५ गिगाहर्ट्झवर गेला होता आणि संस्थेच्या जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ दिसतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ केला, नाव दिसलं. ज्यांच्याकडं आयफोन १२ किंवा पुढचा आहे त्यांनी 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' नावाचं बटण चालू करायचं, काम तेच होतं. लई साधी गोष्ट, पण अख्खा दिवस गेला.

मंगळवार पेठ

वरच्या अनुभवाला जोडून एक. राऊटरच्या नावापुढं '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा बँड. वेग जास्त, पण भिंत लागली की दम तुटतो. आमचं घर जुनं, दगडी भिंती दीड हात जाड. अपडेटनंतर फोन सारखा त्याच नावाला चिकटायचा आणि माजघरात गेलं की तुटायचा. मी फोनमधून ते नाव 'विसरा' केलं, साधं २.४ चं ठेवलं. तुटायचं थांबलं.

महाद्वार रोड, झेरॉक्सचं दुकान

आमचं निराळंच. वायफाय व्यवस्थित लागलेलं, नेट चालू, पण फोनवरून प्रिंटर सापडेना. ॲप म्हणतंय 'प्रिंटर आढळला नाही'. दहावीच्या ॲडमिशनचे दिवस. पोरं मार्कलिस्ट व्हॉट्सॲपवर पाठवून समोर उभी. मी प्रिंटर बंद-चालू केला, राऊटर बंद-चालू केला, ॲप काढून परत टाकलं. काही नाही.

एका गिऱ्हाइकाच्याच मुलानं सांगितलं, "काका, परवानगी बघा की." अँड्रॉइड १३ पासून जवळची वायफाय उपकरणं शोधायला वेगळी परवानगी लागते. आयफोनवर आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' म्हणून तसलीच आहे. अपडेटनंतर ॲपनं विचारलं असणार आणि गडबडीत माझ्याकडून 'नको' दाबलं गेलं असणार. सेटिंग, ॲप्स, परवानग्या, 'जवळपासची उपकरणे' चालू केलं. पुढच्याच मिनिटाला प्रिंट आली. त्या मुलाला मी त्या दिवशी पैसे देऊ दिले नाहीत.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हॉस्टेल

कॉलेजच्या वायफायला नाव आणि पासवर्ड दोन्ही लागतात. वायफाय खरंच कॉलेजचं आहे का हे फोन 'सीए सर्टिफिकेट'वरून तपासतो; आम्ही सगळे त्या रकान्यात 'डू नॉट व्हॅलिडेट' (तपासू नको) निवडून जोडायचो, सीनियरनी तसंच शिकवलं होतं. फोन बदलला, अपडेट घेतलं, तर तो पर्यायच गायब. गूगलच्या पिक्सेल फोनवर अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून तो काढायला सुरुवात झाली, नंतर इतर कंपन्यांच्या फोनमधूनही गेला.

सुरुवातीला चिडचिड झाली. मग प्रयोगशाळेतल्या सरांनी समजावलं : तपासणी बंद ठेवली तर कुणीही त्याच नावाचं खोटं वायफाय लावून तुमचा पासवर्ड उचलू शकतो, आणि तोच पासवर्ड तुमच्या निकालाच्या पोर्टलला असतो. ते ऐकल्यावर पर्याय गेला हे बरंच झालं असं वाटलं. आता 'यूज सिस्टम सर्टिफिकेट्स' निवडायचं आणि खाली 'डोमेन'मध्ये कॉलेजने दिलेलं नाव टाकायचं. डोमेनचा रकाना रिकामा ठेवला तर 'सेव्ह' बटण उमटत नाही, माझे तिथंच दोन दिवस गेले. ते नाव नेटवर शोधू नका, कॉलेजच्या संगणक विभागातूनच घ्या. काही कॉलेजं सर्टिफिकेटची फाइलही देतात, मग ती आधी फोनमध्ये बसवावी लागते.

कसबा बावडा, शिक्षिका

'कनेक्टेड, इंटरनेट नाही.' माझा प्रश्न 'प्रायव्हेट डीएनएस'चा निघाला. साइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा, ते फोन या सेटिंगवरून ठरवतो. जाहिराती बंद करायला कधीतरी एक पत्ता तिथं टाकून ठेवला होता. त्या पत्त्यापर्यंत फोन पोचेना, म्हणून काहीच उघडेना. 'ऑटोमॅटिक' केलं आणि सुरू झालं. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) असेल तर तेही एकदा बंद करून बघावं.

शाहूपुरी, मोबाईल दुरुस्ती

१४ वर्षं या कामात आहे. सगळ्यांचे अनुभव वाचले, आमच्या बाजूनं लिहितो. माझ्याकडं अपडेटनंतर येणारे बरेच फोन सेटिंगनंच बरे होतात, त्याला खोलायची गरज नसते. खोलायचा कधी? वायफायचं बटण करडं पडलंय, दाबलंच जात नाही, आणि ब्लूटूथही चालू होत नाही. बहुतेक फोनमध्ये दोन्ही एकाच चिपवर असतात. 'अबाउट फोन'मध्ये वायफाय पत्त्याच्या जागी 'उपलब्ध नाही' दिसत असेल तर चिपच बोलत नाहीये, असं समजा. तिथं रीसेट मारून उपयोग नाही.

गिऱ्हाईक म्हणतं अपडेटनं घालवलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला तसं असतं ते. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर भिजलेले, वाळवून वापरात घेतलेले फोन पुढं कितीतरी दिवस येत होते. आत हिरवट गंज धरलेला, चिपखालचं सोल्डर कमकुवत. अपडेटच्या वेळी फोन तासभर तापतो, रीस्टार्ट होतो, आणि आधीच सैल झालेला टाका सुटतो. अशा फोनला फ्रीजमध्ये ठेवणं, हेअर ड्रायरनं तापवणं हे व्हिडिओ बघून कुणी करू नका. टाका तात्पुरता टेकतो, परत सुटतो आणि आत ओल धरते ती वेगळीच.

आणखी एक कळकळीचं. दुकानात आल्याआल्या 'फॉरमॅट' म्हणणाऱ्याला आधी विचारा, दुसऱ्या वायफायवर लावून बघितलं का? नसेल बघितलं तर फोन परत घ्या. आमच्याच धंद्यातला माणूस असलो तरी हे लिहितो, कारण फोटो गेलेली माणसं मी रडताना बघितली आहेत.

गडहिंग्लजहून, एक प्रश्न

वायफाय लागतं, पण निम्म्या साइट 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणतात. बँकेचं ॲप तर उघडतच नाही. अपडेट चालू असताना बॅटरी संपून फोन बंद पडला होता. नेटवर्क रीसेट मारू का?

राजारामपुरी

थांबा, आधी फोनची तारीख बघा.

गडहिंग्लज

दीड वर्ष मागची होती! 'तारीख आणि वेळ आपोआप' चालू केली, सगळं उघडलं. पण हे कसं?

अभियांत्रिकीचा विद्यार्थी

साइटच्या सर्टिफिकेटला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. फोनच्या घड्याळात ती मुदत सुरूच झालेली नव्हती, म्हणून फोनने विश्वास ठेवला नाही.

टाकाळा

नेटवर्क रीसेटचं नाव निघालं म्हणून लिहितेय. त्यानं वायफाय सुटतं, माझ्या सासऱ्यांच्या फोनचं सुटलंही. पण त्यासोबत सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि ब्लूटूथच्या जोड्याही जातात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मामांची कानाची यंत्रं फोनला जोडलेली होती. फोनवरचं बोलणं त्यांना त्यातूनच नीट ऐकू येतं. रीसेटनंतर यंत्रं फोनला सापडेनात. मामा फोन कानाला लावून नुसते "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि मग फोन गपचूप टेबलावर ठेवला. मला तो क्षण विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधल्या ताईंनी दाखवलं. दोन्ही यंत्रांची बॅटरीची झाकणं उघडायची, परत बंद करायची, फोन अगदी जवळ धरायचा आणि ब्लूटूथ नव्यानं शोधायचं. झाकण लावल्यावर थोडा वेळच ती जोडणीला तयार असतात, म्हणून फोन आधीच उघडून हातात ठेवायचा. आधी डावं सापडलं, मग उजवं. मामांनी तिथूनच माझ्या नणंदेला फोन लावला.

राजारामपुरी

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. घरात कुणाची कानाची यंत्रं, घड्याळ, गाडी ब्लूटूथवर असेल तर रीसेटच्या आधी यादी करून ठेवा आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून घ्या. आधी त्या एकाच नेटवर्कला 'विसरा' करून परत जोडून बघा, त्यात बाकी काही पुसलं जात नाही.

इचलकरंजी, कागल, जयसिंगपूरकडून अजून कुणी लिहिलेलं नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा एमआयडीसीत कुणाला असा त्रास झाला असेल तर लिहा.