लॅपटॉपवरून दुकानाचा पीसी नावानं उघडंना, आयपी टाकला की उघडतो. मदत हवी आहे

दुधनाकाठ
लवकर सांगा कुणीतरी. सेलूला वर घर, खाली आमचं कृषी सेवा केंद्र. दुकानाच्या पीसीवर टॅली आहे, डेटाचा फोल्डर शेअर केलेला आहे. वरच्या लॅपटॉपवरून 'दुकान-पीसी' असं नाव टाकलं की नेटवर्क पाथ सापडला नाही म्हणतो. आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकला की लगेच उघडतो. पण लाईट जाऊन आली की दुकानाच्या पीसीचा आयपी बदलतो, मग खाली जाऊन आयपी बघा, परत वर येऊन पाथ बदला. पेरणीचे दिवस आहेत, सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी आहे, रात्री वर बसून स्टॉक जुळवायचा असतो. इंटरनेट एकदम ओके. फायरवॉल बंद करून पाहिला, फरक नाही.

मांजरा_लातूर
डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर, बदला. ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये पहिला गूगलचा ८.८.८.८ आणि दुसरा ८.८.४.४ टाका. आमच्या पोरीची नीटची सराव परीक्षा उघडत नव्हती, हे टाकलं आणि तेव्हापासून एकदाही अडचण नाही. मी तर सगळ्या पाहुण्यांच्या घरी हेच करून देतो.

बिंदुसरा
मांजरा, तुमची अडचण बाहेरच्या साइटची होती. यांना घरातल्या मशीनचं नाव शोधायचंय. ८.८.८.८ ला सेलूच्या दुकानातला पीसी कसा माहीत असणार? ते 'असं नाव नाही' म्हणून मोकळे होतील.
दुधनाकाठ, थोडं सांगा: विंडोज कोणतं, होम का प्रो? घरातल्या दुसऱ्या एखाद्या मशीनवरून नावानं उघडतं का? आणि लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'पिंग दुकान-पीसी', मग 'एनएसलुकअप दुकान-पीसी' द्या आणि दोन्हीचं उत्तर जसंच्या तसं इथं टाका.

मांजरा_लातूर
म्हणून तर दोन खाने असतात ना? पहिल्यात राउटर टाका, दुसऱ्यात ८.८.८.८. एकाला नाही माहीत तर दुसऱ्याला विचारील.

बिंदुसरा
नाही विचारत. दुसरा सर्व्हर कामाला येतो तो पहिल्याकडून काहीच उत्तर आलं नाही तर. 'असं नाव नाही' हेसुद्धा उत्तरच आहे, ते मिळालं की विंडोज थांबतं. उलट राउटर एखाद्या वेळी अडकला की लॅपटॉप दुसऱ्या सर्व्हरकडं वळतो, आणि मग घरातली नावं कधी सापडतात, कधी नाही. घरातली नावं पाहिजे असतील तर दोन्ही खान्यांत घरातलाच सर्व्हर पाहिजे, नाहीतर दुसरा रिकामा ठेवा.

हर्सूलरोड
वायफाय गर्दीत अडकलं असेल. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक ठेवा. आमच्या संभाजीनगरच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी एकच धरला होता, बदलल्यावर स्पीड वाढला.

दुधनाकाठ
स्पीडचा प्रश्नच नाही हो.
विंडोज ११ प्रो. वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवरून नावानं उघडतं, तो विंडोज १० आहे. पिंग केलं तर होस्ट सापडला नाही म्हणतो. एनएसलुकअपला मात्र राउटरकडून उत्तर येतं: १९२.१६८.१.७, आणि ते बरोबर आहे. हे कसं काय? नाव माहीत आहे तरी पिंग का लागंना?

पैनगंगा_हिंगोली
एवढी डोकेफोड कशाला? राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे दुकानाच्या पीसीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) नोंदवून त्याला १९२.१६८.१.७ कायमचा देऊन टाका. मग लाईट कितीही वेळा जाऊ द्या. वर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि आयपींची साधी यादी) तो आयपी आणि नाव एका ओळीत लिहा. फाइल विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये, ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडायचा आणि सेव्ह करताना शेवटी .टीएक्सटी लागू द्यायचं नाही. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात असंच चालू आहे.

बिंदुसरा
रिझर्व्हेशन पाहिजेच, त्यात वाद नाही. होस्ट्सनं नावही उघडेल, कारण विंडोज ती फाइल आधी बघतं. पण मूळ दोष तसाच राहील. उद्या प्रिंटर आला, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आला, तेव्हा हाच त्रास परत.
दुधनाकाठ, एनएसलुकअप सरळ डीएनएस सर्व्हरला जाऊन विचारतो. तो ना होस्ट्स फाइल बघतो ना विंडोजची पॉलिसी. पिंग आणि फाइल एक्सप्लोरर मात्र विंडोजच्या रिझॉल्व्हरमधून (नाव शोधणाऱ्या भागातून) जातात. म्हणजे राउटर बरोबर सांगतोय आणि लॅपटॉपच्या आतलंच काहीतरी त्याला विचारू देत नाही. हा लॅपटॉप नवा घेतला का कुठून आला?

दुधनाकाठ
भावाचा आहे. तो पुण्याला कंपनीत होता, कंपनीनं जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांनाच विकले तेव्हा त्यानं घेतला. पावती आहे. सेटिंगमध्ये एका ठिकाणी 'काही सेटिंग्ज तुमची संस्था हाताळते' असं लिहून येतं, पण त्याचा याच्याशी काय संबंध?

बिंदुसरा
सगळा संबंध त्याच्याशीच आहे. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा आणि 'गेट-डीएनएसक्लायंटएनआरपीटीपॉलिसी' चालवा. नाव कुठल्या सर्व्हरला विचारायचं याचा एनआरपीटी हा नियमांचा तक्ता असतो. नुसत्या टिंबाचा नियम असेल तर अर्थ असा, की कुठलंही नाव असो, अमुक सर्व्हरलाच विचारा. मग ॲडॅप्टरमध्ये राउटर दिसत असला तरी तिकडं कुणी जातच नाही.
आणि 'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये शेवटी नेटबायोस (घरातली नावं शोधायची जुनी पद्धत) चालू आहे का बंद तेही बघा.

गोदातीर_नांदेड
फॉरमॅट मारा भाऊ. कंपनीचा लॅपटॉप घरी आणल्यावर पहिलं काम तेच. आत काय काय घालून ठेवलेलं असतं कुणाला माहीत. मी दुकानात आलेल्या अशा मशीनला दुसरं काही करतच नाही.

बिंदुसरा
गोदातीर, एरवी मीही तेच म्हणालो असतो. पण लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये (कंपन्यांचे लॅपटॉप सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) नोंदवलेला असेल आणि कंपनीनं नोंद काढली नसेल, तर फॉरमॅटनंतर सुरुवातीच्या सेटअपमध्येच कंपनीचं लॉगिन मागेल. ती नोंद हार्डवेअरच्या ओळखीवर असते, डिस्क पुसून जात नाही. ऐन हंगामात माणूस तिथंच अडकून बसेल. आधी भावानं कंपनीच्या आयटीला विचारून नोंद काढल्याचं पक्कं करावं, मग हंगाम संपल्यावर खुशाल फॉरमॅट करावा.

गोदातीर_नांदेड
ते खरं आहे. माझ्याकडं एक मशीन तशीच अडकली होती, गिऱ्हाईक मलाच बोलत होतं. तरी शेवटी फॉरमॅटच.

मांजरा_लातूर
यंदा सोयाबीनचं कोणतं वाण चाललंय सेलूला? आमच्याकडं घरचंच बियाणं ठेवलंय मोप लोकांनी.

दुधनाकाठ
दादा, ते नंतर सांगतो.
एनआरपीटीत एक नियम निघाला. नेमस्पेस नुसतं टिंब, सर्व्हर ९.९.९.९. आयपीकॉन्फिगमध्ये नेटबायोस बंद दाखवतो. जीपीएडिट (विंडोजची पॉलिसी बघायचं साधन) उघडलं तर तिथल्या नियमांच्या तक्त्यात काहीच दिसत नाही! मग हा नियम आला कुठून? काय पुसू तेवढं सांगा.

बिंदुसरा
सापडलं. ९.९.९.९ ही बाहेरची सेवा, धोकादायक साइट अडवते. कंपनीनं सगळ्या चौकशा तिकडं वळवल्या होत्या, म्हणून इंटरनेट झकास आणि घरातलं नाव गायब. लॅपटॉप डोमेनमधून (कंपनीच्या नेटवर्कच्या ताब्यातून) बाहेर काढला तरी असे नियम कधी कधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) पडून राहतात. जीपीएडिट फक्त त्या मशीनवरची पॉलिसी दाखवतं, डोमेनकडून आलेली नाही.
आता क्रमानं. सेटिंग्ज, अकाउंट्स, त्यात कामाचं किंवा शाळेचं खातं जोडलेलं आहे का बघा. जोडलेलं असेल तर भावाला विचारूनच काढा, कारण ते असेपर्यंत नियम परत येऊ शकतो. मग रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, डीएनएसक्लायंट, त्याखाली डीएनएसपॉलिसीकॉन्फिग. आधी ते एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा, मग आतला तो एक नियम काढा आणि रीस्टार्ट. 'फ्लशडीएनएस'नं नियम जात नाही, नुसती जुनी उत्तरं पुसली जातात.
वरच्या डीएनएसक्लायंटमध्येच 'इनेबलमल्टिकास्ट' (मशिनींनी एकमेकींना हाक मारून नाव शोधायची सोय) शून्य, म्हणजे बंद, दिसेल, तो शून्यच राहू द्या.

पैनगंगा_हिंगोली
तो का ठेवायचा? तोच चालू करा ना, मशिनी एकमेकींना आपोआप सापडतील.

बिंदुसरा
त्या पद्धतीत लॅपटॉप सगळ्या नेटवर्कला हाक मारतो, 'दुकान-पीसी कोण?' आणि जो आधी उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो. बसस्टँडच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर दुसरंच कुणी 'मी' म्हणालं, तर लॅपटॉप त्याच्याकडं लॉगिन करायला जातो आणि पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक खूण) त्याच्या हाती लागतो. कंपन्या ते बंद करतात त्या याचमुळं, नेटबायोसही त्याचसाठी. यांच्या राउटरला नाव माहीत आहे, मग हाक मारायची गरज काय?

दुधनाकाठ
झालं! कामाचं खातं जोडलेलं नव्हतं. नियम काढला, रीस्टार्ट केला, नावानं फोल्डर उघडला, टॅलीत दुकानाच्या हिशोबाची कंपनीही लोड झाली. पैनगंगा दादांनी सांगितल्याप्रमाणं रिझर्व्हेशनही करून टाकलं. भाऊ पुण्याच्या आयटीला मेल करतोय नोंदीचं. बिंदुसरा सर, फायरवॉल अजून बंदच आहे, राहू देऊ का?

बिंदुसरा
आधी तो चालू करा, लॅपटॉपवरचा आणि दुकानातला दोन्ही. दुकानाच्या पीसीवर नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा आणि फाइल शेअरिंगला तेवढी परवानगी द्या. बंद फायरवॉलच्या पीसीवर गिऱ्हाइकांची उधारी आणि जीएसटीचा सगळा हिशोब उघडा ठेवू नका.

हर्सूलरोड
लाईटचं म्हणत होतात म्हणून सांगतो, राउटरला छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे का १२, किती अँपिअर आणि पिन केवढी, ते बघूनच घ्या.

दुधनाकाठ
राउटर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर आहे. परभणीला मिळेल का संभाजीनगरहून मागवावा लागेल?