पत्र्याच्या छपराची कैची बीमला कशी धरावी? (गुहागर)

गुहागर_साइट: समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आरसीसी फ्रेमचं घर चालू आहे. वर स्लॅब नाही, लोखंडी कैच्या (पत्रा पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. कैचीचा स्पॅन ६ मीटर, वरचा बीम २३० बाय ३५० मिमी, तो पुढच्या आठवड्यात भरायचाय. फॅब्रिकेटर म्हणतो, बीम भरून घ्या, कैचीखालच्या प्लेटी नंतर फास्टनर (काँक्रीटला भोक पाडून ठोकायचे बोल्ट) मारून बसवू. दोन्ही टोकांना चिऱ्याच्या त्रिकोणी भिंती येणार आहेत. कोयनेचा भूकंपाचा पट्टा फार लांब नाही, म्हणून विचारतोय.

आरसीसी_चिपळूण: नंतरवर अजिबात ढकलू नका. २३० च्या बीममध्ये फास्टनर कडेजवळ येतो, आवळताना फाकतो आणि कडेचा काँक्रीटचा टवका उडतो. बीमच्या सळीला प्लेट वेल्ड करणंही नको, उष्णतेने टीएमटी सळीच्या बाहेरच्या कडक थराची ताकद जाते.

कैची बीमवर टेकते त्या प्रत्येक जागी १६ मिमीचे चार जे-बोल्ट (खालचं टोक हुकासारखं वळवलेले) भरतानाच सोडा, निदान २५० मिमी आत, हूक बीमच्या रिंगांच्या (सळ्यांभोवतीच्या कड्यांच्या) आत. रुंदीत दोन बोल्टांमध्ये ८० मिमी ठेवलंत तर दोन्हीकडे ७५ मिमी कड मिळते. प्लेट १० मिमी. अंतिम आकडे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. समुद्राजवळ कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिमी, काँक्रीट एम-३० ताकदीचं, बोल्ट हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले). खाडीची रेती बीमला नकोच, त्यातलं मीठ सळी आतून खातं.

छप्पर_मालवण: एक फरक लक्षात घ्या. पत्रा हलका, चौरस मीटरला जेमतेम ५ किलो, त्यामुळे भूकंपाचा जोर त्याच्यावर कमीच येतो. बोल्टची खरी परीक्षा वारा घेतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखा वारा छप्पर वर उचलतो. भूकंपात आधी पडते ती तुमची त्रिकोणी भिंत, कारण तिला वरून कुणी धरलेलं नसतं. बीममधून मधोमध छोटा कॉलम वर काढा. उतारावर ७५ मिमी जाड काँक्रीटचा पट्टा भरा: १० मिमीच्या दोन सळ्या, ६ मिमीच्या कड्या दर १५० मिमीवर. पर्लिनींची (कैच्यांवरून जाणाऱ्या, पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांची) टोकं त्या पट्ट्याला बोल्टने बांधा. जमत असेल तर चिरा न चढवता तिथेही पत्राच लावा, भिंतीचं ओझंच जातं.

दोन्ही टोकांच्या गाळ्यांत (दोन कैच्यांमधल्या जागेत) छपराच्या उतारात फुली ब्रेसिंग (X आकाराचे तिरके आधार) हवंच. ते नसेल तर कैच्या पत्त्यांसारख्या एका बाजूला कलंडतात.

गुहागर_साइट: काँक्रीट ओतताना बोल्ट हलले तर?

आरसीसी_चिपळूण: त्याच प्लेटची भोकं उतरवून प्लायचा साचा करा, बोल्ट त्यातून घालून वर-खाली नट आवळा आणि साचा शटरिंगला खिळ्यांनी ठोका. व्हायब्रेटर बोल्टला टेकवू नका. आट्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा. प्लेट बसल्यावर दुसरा नट घाला, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने पहिला सैल होतो. भोक जुळत नाही म्हणून फॅब्रिकेटर गॅसने मोठं करायला लागला, तर थांबवा. मोठ्या भोकात बोल्टला धरच राहत नाही, आधी सरकतो, मग झटका घेतो.

गुहागर_साइट: साचा उद्याच करायला टाकतो. त्रिकोणात पत्राच लावू.